पिवळ्या शर्टातला माणूस

दादा,

तू गेल्यावर काही दिवसांतच इथल्या मराठी मंडळींच्या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "तुमच्या बंधूंविषयी थोडं लिहून द्या ना. शिक्षण, नोकरी, कुठल्या कंपनीत होते, एवढं चालेल." मी हो म्हटलं आणि फोन ठेवून तशीच बसून राहिले. इथं आपल्या माणसांची ओळख कंपनीवरूनच होते. तू त्यावरून माझी किती थट्टा करायचास! पण तुझ्याबद्दल काय लिहू? उधळलेल्या बैलाच्या पाठीवर आठ सेकंद टिकून राहणं हा माझ्या भावाचा व्यवसाय होता, असं? आणि इथं सिंगापुरात जे घडलं ते? ते मी अजून घरातसुद्धा कुणाला धड सांगितलेलं नाही. म्हणून हे तुलाच लिहितेय. त्यांना छापायचं तर छापू देत.

मिरजेला बाबांच्या गुरांच्या दवाखान्यात मी नाकाला रुमाल लावून कोपऱ्यात उभी असायचे आणि तू थेट बैलाच्या शिंगांपाशी. बाबा सुई टोचायचे तेव्हा तू बैलाच्या कानामागं खाजवत काहीतरी पुटपुटायचास. काय बोलतोस म्हणून विचारलं की म्हणायचास, "त्याला सांगतो, बाबांचा हात हलका आहे." त्या बैलांपायी तू ऑस्ट्रेलियाला पशुपालन शिकायला गेलास आणि त्या बैलांपायीच ते शिक्षण अर्ध्यावर सोडलंस. आई आजही शेजारणींना सांगते, आमचा मुकुंद तिकडं डेअरीत होता. खरं फक्त बाबांना आणि मला माहीत. तू पाठवलेल्या व्हिडिओ कॅसेटमध्ये लाउडस्पीकरवरच्या माणसाला 'मुकुंद' म्हणता येईना, म्हणून तो 'मॅक, मॅक' असा ओरडत होता. लोखंडी फाटक उघडलं आणि एक तांबडा बैल तुला घेऊन हवेत गेला. बाबांनी कॅसेट एकदाच पाहिली. "पोरगा बसलाय मात्र छान," एवढंच म्हणाले आणि ती कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिली.

सिंगापूरला आलास तो लंगडत आलास. कंबरेत पोलादी पट्टी, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली, आणि सामान म्हणून एक पिशवी आणि एक टोपी. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली तुझी झाली. ऑफिसांचे आणि मॉलचे कार्यक्रम करणाऱ्या एका कंपनीकडं यांत्रिक बैल होता, तो चालवायला त्यांना जाणकार माणूस हवा होता. बैल म्हणजे नुसतं धड. पाय नाहीत, पोटाखाली मोटर, भोवती हवा भरलेल्या गाद्यांचं गोल रिंगण. लोक पाठीवर बसायचे, तू रिंगणाबाहेर दांडी धरून त्यांना झुलवायचास, ते पडायचे, सगळे हसायचे. मला पहिल्यांदा बघताना ते तुझ्यासाठी कमीपणाचं वाटलं. मी तसं बोलून दाखवलं तर तू म्हणालास, "नीतू, याला चारा लागत नाही आणि हा कुणाला मारत नाही. मला असाच बैल हवा होता."

पुढची एक-दोन वर्षं चांगली गेली, नाही का? माझ्या इराला तू पडायला शिकवलंस, ते मला फार आवडायचं. इथल्या आयांना मुलांनी पडूच नये असं वाटतं, मलाही वाटायचं. तू तिला इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकसमोरच्या गवतावर नेऊन शिकवायचास: हनुवटी छातीशी, हात आत, खांद्यावरून गोल. ती उठून अंग झटकायची आणि तू विचारायचास, "काय दुखलं?" "नथिंग, मामा." "मग परत."

मग आमच्या ऑफिसचा फॅमिली डे आला. चांगी बिझनेस पार्कातल्या हिरवळीवर तंबू, फुगे, नूडल्सच्या गाड्या आणि मधोमध तुझा बैल. आमचे कुलकर्णी, चांगले वजनदार गृहस्थ, हौसेनं चढले आणि ऐट म्हणून बैलाचा धरायचा पट्टा मनगटाभोवती गुंडाळून बसले. यंत्र गरकन फिरलं, ते एका अंगाला कलंडले आणि हात पट्ट्यात अडकला. तू दांडी सोडलीस, पण ते धूड थांबायला वेळ घेतंच. मी ओरडले. तेवढ्यात कुलकर्णी सुटून गादीवर पडले आणि हसतच उठले.

"तुमच्या भावाचा मदतनीस भलताच चपळ हो," ते मनगट चोळत मला म्हणाले. "त्यानं हात सोडवला म्हणून वाचलो. नाहीतर खांदा गेलाच होता."

"मदतनीस? कुठला?"

"तो नाही का, पिवळा शर्टवाला."

तुझ्याबरोबर फक्त यूसुफ असायचा, लॉरी चालवणारा मलाय गृहस्थ, आणि तो लांब लॉरीत पेपर वाचत होता. अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट. मी तुझ्याकडं वळले. तू रिकाम्या गाद्यांकडं बघत होतास आणि तुझ्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. मोटर तापली असं सांगून तू बैल बंद केलास. रांगेतली मुलं कुरकुरत राहिली.

घरी येताना एमआरटीच्या गाडीत तू मला पहिल्यांदा मिकबद्दल सांगितलंस. रोडिओतलं, म्हणजे त्या बैलस्वारीच्या खेळांतलं, जगणं तू तुकड्यातुकड्यांनी आधी सांगितलं होतंस: आज या गावी, उद्या दिवसभर गाडी हाकून पुढच्या गावी, गाडीच्या मागच्या हौद्यात झोपायचं, मोडलेली बोटं आपली आपण बांधायची. पण मिकचं नाव कधी घेतलं नव्हतंस. मिक बैलावर बसत नसे. तो मैदानात उभा राहायचा. भडक पिवळा शर्ट, ढगळ विजार, तोंडाला रंग. लोकांना विदूषक वाटायचा. पण स्वार पडला की बैल आणि स्वार यांच्यामध्ये शिरायचं, बैलाला स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचं आणि स्वार स्वतःच्या पायांनी कठड्यापर्यंत पोचल्याशिवाय मैदान सोडायचं नाही, हे त्याचं काम होतं. सगळ्या गावांत तो तुमच्याबरोबर हिंडला. मग एका दुपारी तू आठ सेकंदांची घंटा वाजायच्या आत कलंडलास आणि हात दोरात अडकला. बैल तुला फरफटवत होता.

"माझ्या मनगटावर त्याची बोटं लागली, ती आठवतात," तू म्हणालास. "हात सुटला. मग बैलाचा पाय माझ्या कंबरेवर पडला आणि पुढचं काही माहीत नाही. दवाखान्यात जागा झालो तेव्हा नर्स म्हणाली, मिक गेला."

समोरच्या बाकावर शाळेतली मुलं खिदळत होती. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "कुलकर्णींना कुणीतरी पाहुण्यानं हात दिला असेल रे. पिवळे शर्ट काय कमी असतात?"

"असेल," तू म्हणालास. तुझं ते 'असेल' मला कधीच पटलं नाही.

नंतर टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये तुझा बैल लागला आणि इरा हट्टानं बसली. "मामा, फास्ट, फास्ट लाह!" तू फास्ट केलास आणि ती डोक्यावरच घसरली. तू शिकवलेलं सगळं विसरली होती. पण पडली ती अशी हळू, जसं कुणी उचलून ठेवावं. धावत माझ्याकडं आली. "आई, आय नेव्हर फॉल व्हॉट! दॅट अंकल कॅच मी."

"कोण अंकल?"

"आंगमो अंकल लाह. फेस ऑल पेंट वन." गोऱ्या माणसाला ती इथल्या मुलांसारखं आंगमोच म्हणते. मग नाक मुरडून म्हणाली, "ही स्मेल लाइक दॅट ऑइल. आजी गुडघ्याला लावते ना, ते."

निलगिरीचं तेल. तू दांडी सोडून तिथंच गादीच्या कडेवर बसलास. मी जवळ आले तेव्हा हळूच म्हणालास, "मिक रोज गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळायचा. हे मी तुलाही सांगितलं नव्हतं, नीतू." मॉलमध्ये गाणी लागली होती, लोक आइस्क्रीम खात होते, आणि मी इराला गादीपासून लांब ओढून घेतलं.

मी हिशेब तपासणारी बाई. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून एका रविवारी ईस्ट कोस्ट पार्कला मुद्दाम आले. भर दुपार होती. एक मुलगा उतरला होता, दुसरा अजून चढायचा होता, रिंगणात कुणी नव्हतं. हवेच्या गादीवर पाय ठेवला की खड्डा पडतो आणि पाय उचलला की तो भरून येतो. बैलाच्या डाव्या अंगाला दोन खड्डे होते, शेजारी शेजारी, माणूस उभा राहिल्यासारखे. पुढचा मुलगा चढला. तू यंत्र फिरवलंस तसे ते खड्डे सरकले. आधी एक, मग दुसरा, बैलाच्या तोंडाबरोबर गोल. गादीवर ऊन होतं आणि त्या उन्हात कुणाची सावली नव्हती. रांगेतल्या एका चिनी आजीनं आपल्या नातवाचा हात धरला आणि मागं वळून न बघता त्याला घेऊन गेली.

"दिसलं ना?" तू विचारलंस.

"हवा कमी झालीय गाद्यांत," मी म्हटलं.

मग हॉकर सेंटरमध्ये जेवताना आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलंच नाही. मी म्हणत होते, तुझ्या डोक्याला इतक्या वर्षांत किती मार लागलेत, एकदा दाखवू या. तू म्हणालास, "डोकं माझं फुटलंय गं, इराचं नाही. कुलकर्णींचं नाही." तरी माझ्यासाठी तू डॉक्टरांकडं आलास. डोक्यात काही निघालं नाही. हृदय मात्र वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, जड उचलायचं नाही, धावायचं नाही, अंगाला झटके बसतील असं काही करायचं नाही. तू मान डोलावलीस आणि बाहेर आल्यावर लिफ्टपाशी मला म्हणालास, "नीतू, मला एकदा बसायला पाहिजे."

"कुठं?"

"बैलावर. त्या दिवशी मी पुरा बसलोच नाही. घंटेच्या आत पडलो आणि स्ट्रेचरवरून बाहेर गेलो. मिकचं काम कधी संपतं, सांगितलं होतं ना तुला? स्वार स्वतःच्या पायांनी कठड्याला पोचला की. मी पोचलोच नाही. तो अजून उभा आहे."

"ते यंत्र आहे, दादा! तो बैल नाही."

"त्याला काय करायचंय बैलाशी? तो माझ्याकडं बघत असतो."

घरी येऊन मी खूप बोलले. आईचं नाव काढलं, इराचं नाव काढलं. म्हटलं, मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसानं मरायचं का? तू भात कालवत शांतपणे म्हणालास, "तो माझ्यासाठी मेलाच की." मी यूसुफला फोन करून सांगितलं, याला बैलावर बसू द्यायचं नाही. तू ते ऐकलंस आणि हसलास. नंतर आपण त्या विषयावर गप्पच राहिलो. डाळीत मीठ जास्त झालं, इराची परीक्षा, आईचे गुडघे, असल्या गोष्टी बोलत राहिलो. मला वाटलं, मी जिंकले.

तू गेलास ती दुपार मला यूसुफनं सांगितली, मंडाईच्या स्मशानाबाहेरच्या बाकावर बसून. एरवी लॉरीचे आरसे पुसताना गाणी म्हणणारा माणूस, त्या दिवशी एकेक वाक्य जुळवून सांगत होता. कंपनीच्या गोडाऊनमध्ये तुम्ही दोघंच होतात. तू गाद्यांत हवा भरलीस, टोपी घट्ट केलीस, हातमोज्याला राळ चोळलीस. यूसुफला दांडी दिलीस आणि म्हणालास, फुल स्पीड. घंटा नव्हती, म्हणून वेळ झाली की लॉरीच्या दारावर पाना आपटायचा असं ठरलं. यूसुफ म्हणाला, इतकी वर्षं तो बैल बघतोय, पण असं बसलेलं कुणाला पाहिलं नाही. तुझा एक हात हवेत होता आणि तो हात कशालाच शिवला नाही. पाना वाजला. तू स्वतः उतरलास आणि गादीवरून चालत गेलास.

"ही नेव्हर लिंप, यू नो," यूसुफ म्हणाला. "वॉक स्ट्रेट, लाइक यंग मॅन."

तू गोडाऊनच्या शटरपर्यंत गेलास, त्यावर तळहात टेकवलास, मग वळून टोपी काढलीस आणि रिकाम्या रिंगणाकडं बघून इंग्रजीत काहीतरी बोललास. यूसुफला ते नीट ऐकू आलं नाही. मग त्याला म्हणालास, कोपी आण. तो कॉफी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. परत आला तेव्हा तू प्लास्टिकच्या खुर्चीत भिंतीला टेकून बसला होतास, टोपी मांडीवर, डोळे मिटलेले. त्याला वाटलं दमून झोपला.

"देन आय सी द अदर चेअर," तो म्हणाला. तुझ्यासमोर दुसरी खुर्ची ओढलेली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "आय पुट ओन्ली वन चेअर, मॅडम. ओन्ली वन." तो माझ्याकडं असा बघत होता, जणू मी काही खुलासा करीन. मग त्यानं घाबरत विचारलं, "ही टेल मी, माय सिस्टर से कॅन. यू से कॅन, राइट?"

दादा, माझी परवानगी आहे असं तू त्याला खोटं सांगितलं होतंस. मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मी हात उगारला असता. पण त्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे काठोकाठ भरले होते.

"येस, यूसुफ," मी म्हटलं. "आय से कॅन."

तेरावा झाल्यावर तुझ्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. आधी सांत्वन, मग जरा घुटमळून कामाचं. बैलावर आता नवा माणूस ठेवलाय. आदल्या दिवशी एका मॉलमध्ये एक मुलगी पडली आणि मनगट मुरगळलं. फार नाही, पट्टी बांधली. त्याआधी एका तरुणाच्या कोपराला लागलं होतं. "मिस, युअर ब्रदर यूज व्हॉट सेटिंग आह? लास्ट टाइम नोबडी गेट हर्ट वन. नॉट इव्हन वन." मी म्हटलं, सेटिंग काही नव्हतं. ते म्हणाले, नसेल कसं, काहीतरी असणारच, नीट आठवून बघा. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. त्या मुलीचं मनगट दुखत असेल म्हणून वाईट वाटत होतं. आणि तरी आत कुठंतरी काहीतरी सैल झालं, खूप दिवस आवळून धरलेलं. भीती मात्र गेली नाही. बाहेर दुपारचं ऊन होतं, खाली कुणाची तरी सायकलची घंटी वाजत होती, नेहमीचं सगळं. मी वळून तुझ्या खोलीच्या दाराकडं बघायचं टाळलं. मग बघितलं. खोली रिकामी होती. इतकी रिकामी ती आधी कधी वाटली नव्हती, तू घरात नसायचास तेव्हाही नाही.

मला तुझ्याशी अजून भांडायचंय, दादा. तू जिंकलास असं मी म्हणणार नाही. एका माणसाला मोकळं करायला तू इराचा मामा घेऊन गेलास. ती परवा गवतावर एकटीच कोलांट्या मारत होती आणि उठल्यावर थांबून राहायची, कुणीतरी काही विचारेल म्हणून. मी गॅलरीतून बघत होते. मग खाली गेले आणि विचारलं, "काय दुखलं?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा रडली.

काल आईचा फोन आला. तिला आम्ही हृदय बंद पडलं एवढंच सांगितलंय, आणि ते खरंच आहे. इतके दिवस ती फोनवर नुसती रडायची. काल रडली नाही. मिरजेत पहाटेपासून वीज नाही, दूधवाला उशिरा आला, असलं काहीबाही सांगत राहिली. मग एकदम म्हणाली,

"नीता, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का गं? का एकटाच गेला माझा मुकुंद?"

मला कागदावरचं उत्तर माहीत होतं. यूसुफ कोपी आणायला गेला होता, शटर अर्धं खाली होतं, आत कुणी नव्हतं.

"होतं, आई," मी म्हटलं.

"कोण?"

"त्याचा मित्र होता. जुना. ऑस्ट्रेलियातला."

"एवढ्या लांबून आला होता?"

"हो. त्याच्यासाठीच आला होता. समोरच बसला होता."

आईनं नाक पुसल्याचा आवाज आला.

"त्याला जेवायला तरी घातलंस का गं?" ती म्हणाली.